कुरडयांभोवतीची वरात

तो चिडला की चहा ओतून द्यायचा. स्वतःचाच, भरलेला, वाफाळता कप. गच्चीच्या कठड्यावरून सरळ खाली. खाली माझी कोथिंबिरीची कुंडी होती. वर राग किती चढलाय हे मला खाली कोथिंबिरीकडं बघून कळायचं. तो आमचा भाडेकरू होता तोवर त्या कुंडीतली एक काडी भाजीत घालायच्या लायकीची झाली नाही.

एकदा चहा आला तेव्हा मी अंगणात तांदूळ निवडत बसले होते. मान वर करून विचारलं, "काय रे, आज कुणावर?"

"पुण्यावर!"

"अख्ख्या?"

"हाव, अख्ख्या पुण्यावर. मुंबईवर पण काढायचा होता, पण चहा संपला."

आता मी आजी झाले. गुडघे दुखतात, डोळ्यांत थेंब घालावे लागतात, आणि सून म्हणते की हल्ली मी फार लवकर चिडते. चिडते. त्याचा राग मला लागलाय. जुन्या भाडेकरूची एखादी खुर्ची मागं राहावी तसा तो राग आमच्या घरात राहिला, आणि मला तो टाकून द्यावासा वाटत नाही.

त्या काळची मी आज मला रस्त्यात भेटले, तर मी रस्ता ओलांडून पलीकडं जाईन. लातूरच्या एका मुलींच्या शाळेत गाणं शिकवायचे. पन्नाशीला टेकले होते, केस बुटाच्या पॉलिशच्या रंगाचे, चष्म्याला साखळी. दारावरच्या पाटीवर 'संगीत विशारद' ही अक्षरं आमच्या ह्यांच्या नावापेक्षा मोठी. घरात एक तानपुरा होता. त्याला मखमली गवसणी होती, आणि ती गवसणी मी वर्षातून एकदा, झटकायला काढायचे. शाळेत पाहुणा मंत्री असो की डोळ्यांचा डॉक्टर, माझं स्वागतगीत एकाच चालीवर. नाव तेवढं बदलायचं. लांब नावाचा पाहुणा आला की मुलींची फार ओढाताण व्हायची. ही असली मी, आणि लातुरात संगीत कुणाला कळत असेल तर मलाच, अशी माझी पक्की समजूत.

तर असल्या बाईच्या डोक्यावर हा राहायला आला.

चाकूरकडच्या एका खेड्यातला. तिशीचा, काटकुळा. रॉक वाजवायचा, पण आपल्या मातीतलं, असं त्याच्याबद्दल छापून यायचं. म्हणजे सांगाडा विलायती आणि चाल गावाकडची. खांद्यावर घोंगडी, गळ्यात तारेनं अडकवलेलं माउथ ऑर्गन, हातात गिटार, एका पायात घुंगरू. गाणी आमच्याच बोलीत: आटलेली विहीर, विकलेला बैल, पाण्याच्या टँकरमागं धावणारी बाई. पुण्यामुंबईची मुलं ती गाणी डोळे मिटून ऐकायची म्हणे. लातुरात त्याला कुणी ओळखत नव्हतं. आमच्या गल्लीत तो नुसता 'गिटारवाला'.

त्याच्या खोलीत एक नियम होता. 'माती' हा शब्द जो उच्चारेल त्यानं उठायचं, गच्चीला एक फेरी मारायची आणि मगच परत यायचं. मला वाटलं, कलावंताचं चोचलं असेल. मी कुंड्यांसाठी माती आणायची म्हणून सहज बोलले, तर मलाही फेरी मारायला लावली. साखळीचा चष्मा सांभाळत मी मारली. का, ते नंतर कळलं.

एका मासिकाचा फोटोवाला आला होता त्याच्या गावी. ह्याच्या घरच्या शेतात सोयाबीन गुडघ्याएवढं, हिरवंगार, विहिरीला पाणी. फोटोवाल्याचा चेहरा पडला. "कुठं भेगा पडलेली माती मिळेल का?" मग गाडी घेऊन सगळे शिवारभर फिरले. शेवटी एक कोरडं तळं सापडलं. ह्याला त्यात अनवाणी उभं केलं, घोंगडी दिली, हसू नको म्हणाले. ह्याची आई डबा घेऊन बरोबर गेली होती. कौतुकानं पोराशेजारी जाऊन उभी राहिली. फोटोवाल्यानं तिला हातानं बाजूला केलं.

"बाई," तो मला सांगत होता, "माझ्या आईला फोटोतून काढलं. कामून, तर म्हणे तिची साडी नवी हाय. दुष्काळी वाटंना गेली. माझ्या मोठ्या बहिणीनं घेतली होती तिला ती साडी. तिनं त्या दिवसासाठी म्हणून घडी मोडली होती."

तो फोटो मासिकाच्या मुखपृष्ठावर आला. ह्यानं तो नीट कापून, चौकट करून, माझ्या घराच्या संडासात लावला. आमचे हे म्हणाले, काढायला सांग. मी म्हटलं, राहू द्या. फोटोची जागा बरोबर आहे.

मग एकदा तो हैदराबादला गेला आणि कुठल्याशा जुन्या बाजारातून रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आणि एक खोकाभर तबकड्या घेऊन आला. चाळीसपन्नास वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या. काळे गायक, चमकदार कोट, मागं पितळी वाद्यांची रांग. घोंगडी खुंटीला लागली ती लागलीच. दिवसभर तेच. खर्जातली गिटार अशी काही धडकायची की माझ्या मांडणीवरची भांडी एकमेकींशी बोलायची.

मी जळमटं काढायचा बांबू घेऊन छताला ठोकायचे. ठक. वर फरक शून्य. ठक, ठक. एक दिवस वर रेकॉर्ड बंद झाली, गिटार सुरू झाली आणि तो खिडकीतून ओरडला, "बाई, लई घाई करता! जरा उशिरा मारा!"

मला असा संताप आला. विशारदला लय शिकवतोस? मी मुद्दाम, त्याला दाखवून द्यायला, एक केसभर थांबून मारला. वरून आरोळी, "हाव! हाव! आसंच!" मग काय सांगू. मी मारत राहिले. हे ऑफिसातून आले तेव्हा मी पदर खोचून, डोक्यावर चुन्याचे पोपडे घेऊन, डोळे मिटून छत ठोकत होते.

"काय करून राहिलीस?"

"तक्रार," मी म्हणाले.

त्यानंतर मी रीतसर वर गेले आणि हे काय संगीत आहे ते समजावून सांग म्हणाले. तो म्हणाला, "बाई, हे देवाचं गाणं हाय. चर्चमधी म्हणायचे. मग एक दिवस ते नाचायला बाहेर पडलं आन् परत आत गेलंच न्हाई. त्याला सोल म्हणतात. आन् त्याच्यात सगळ्यांनी आपापलं वाकडंतिकडं वाजवून, पहिल्या मात्रेला एकदम, सगळ्यांनी मिळून पाय ठेवायचा. ते फंक."

"त्याला आम्ही सम म्हणतो," मी चष्मा सावरत म्हणाले.

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं आदरानं बघितलं. मग म्हणाला, "मग तुमच्या त्या स्वागतगीतात ती कुठं जाती?"

मी खाली आले. त्या दिवशी चहा मी ओतला.

पण ह्या गाण्याला पितळ लागतं, आणि पितळ आणायचं कुठून? ते आपण होऊन आमच्या दारावरून गेलं. लग्नसराई होती. कंधारचं बँडपथक, लाल कोट, सोनेरी गोंडे, मागं भोंगे लावलेली हातगाडी. नेमकी समोरून दुसरी वरात आली. त्यांचा डीजे, टेम्पोभर स्पीकरांची भिंतच्या भिंत. ती भिंत सुरू झाली आणि बँड मेला. नवरदेवाच्या मित्रांनी मध्येच पक्ष बदलला, तिकडं जाऊन नाचायला लागले. बँडवाले एकेक करून थांबले. एक म्हातारा तेवढा क्लॅरिनेट वाजवत राहिला. त्याचे गाल फुगताना दिसत होते, बोटं पळताना दिसत होती, आणि आवाज म्हणाल तर काही नाही. जसा काचेमागचा माणूस.

हा वरून अनवाणी धावत खाली आला, आणि त्या भिंतीला लाथ घातली. पायाचं बोट मोडलं. भिंतीला काही झालं नाही.

त्या म्हाताऱ्याचं नाव हबीबचाचा. बँड त्यांच्या घरात आजोबांपासून. त्यांनीच आमच्या ओट्यावर बसून ह्याच्या बोटाला पट्टी बांधली. बांधता बांधता म्हणाले, "छोडो बेटा. ये सीझन आखरी है. अब कोई नइं बुलाता. पितळ भंगारवाले को देता, और आराम से बैठता."

"देऊ नका," हा म्हणाला. "नांदेडला माझा मोठा कार्यक्रम हाय. तिथं तुम्ही माझ्यासंगं वाजवा. गावोगावचे कार्यक्रम ठरवणारे लोक येणार हायेत. त्यांनी एकदा ऐकलं की तुम्हाला वरातीची गरजच न्हाई."

"और नइं सुने तो?"

"तर मग द्या भंगारात. माझी गिटार पण द्या."

असं ठरलं. म्हणजे नांदेडला जमलं तर बँड राहणार, नाही तर क्लॅरिनेट, ट्रंपेट, तो फुंकायचा मोठा भोंगा, सगळं वजनावर जाणार.

आणि जमेना! सीझनभर बँडचा मुक्काम लातुरातच, म्हणून माझ्या गच्चीवर सतरंजी घालून रोज तालीम. चाचांचं क्लॅरिनेट, लिंबाजीचा ट्रंपेट, भोंगेवाला, ढोलवाला, खुळखुळेवाला. एकेकटे सुरेख. एकत्र बसले की घसरायचे. पहिल्या मात्रेला एक आधी, एक नंतर, एक कुठंच नाही. हा केस उपटायचा. चाचा शरमेनं क्लॅरिनेट पुसत बसायचे. कोथिंबीर तर मुळासकट गेली.

उन्हाळा होता. मी गच्चीभर जुनं धोतर अंथरून गव्हाच्या कुरडया घातल्या होत्या. तिन्हीसांजेला वर गेले तर लिंबाजीनं मांडी घालायला माझ्या कुरडया सरकवलेल्या! माझा आवाज शाळेत घंटेऐवजी वापरता आला असता. "उठा! सगळे उठा! कुरडयांना हात लावाल तर खबरदार. कडेकडेनं उभं राहून वाजवायचं असेल तर वाजवा."

उठले बिचारे. पण कडेला जागा ती किती? वीतभर. एकामागं एक उभे राहिले. आणि बँडवाला एकामागं एक उभा राहिला की त्याचे पाय काय करणार? चालायला लागले. वाजवत, धोतराच्या कडेकडेनं, माझ्या कुरडयांना प्रदक्षिणा घालत. दुसऱ्या फेरीला पहिल्या मात्रेवर सगळ्यांचा उजवा पाय एकदम पडला. गच्ची हलली. मी हलले.

हा मधोमध, कुरडया सरकवून झालेल्या मोकळ्या जागेत उभा होता. रडत होता की शिव्या देत होता ते कळलं नाही. दोन्ही चालू होतं.

"बैठ के फूँकने की आदत नइं जी," चाचा माफी मागितल्यासारखं म्हणाले. "पूरी उमर चलने में गई."

तर मराठवाड्यातलं फंक संगीत माझ्या कुरडयांभोवती जन्मलं. हे कुणी कुठं लिहीत नाही, म्हणून मी लिहून ठेवते. कुरडया पायाखाली गेल्या नाहीत, हेही लिहून ठेवते.

नांदेडच्या कार्यक्रमाचा आयोजक तालीम बघायला आला. पुण्याचा. खादीचा झब्बा, गळ्यात रुद्राक्ष, बोलणं इतकं मऊ की चावावंसं वाटेल. मला 'विदुषी' म्हणाला. झालं. त्या वेळच्या मला एवढं पुरायचं. मी कपाटातले न वापरलेले कप काढले, पोह्यांवर खोबरं घातलं. पुढचं ऐकलं आणि खोबरं परत उचलून घ्यावंसं वाटलं.

"सुंदर आहे," तो ह्याला म्हणाला. "पण तुमच्याकडून आम्हाला जे हवंय ते हे नाही. ही वाद्यं इंग्रजांची. ह्यात तुमचं मूळ कुठं आहे? संबळ घ्या, तुणतुणं घ्या. माती दिसली पाहिजे."

हा शांतपणे म्हणाला, "गच्चीला एक फेरी मारून या."

"म्हणजे?"

"फेरी मारून या. मग बोलू."

त्याला गंमत वाटली. मारून आला, हसत.

"चाचांचे आजोबा हेच वाजवायचे," हा म्हणाला. "आजून किती मुळं पाहिजेत तुम्हाला? आन् तुमच्या गळ्यातले मणी कुठल्या झाडाचे? पुण्याला लागतात काय ते?"

शेवटी तडजोड झाली. आधी जुनी गाणी, घोंगडी पांघरून. अखेरीस एक नवं, बँडसोबत. पण बसून. माइक जागच्या जागी, वायरी फळीला चिकटवलेल्या, मंचावर फिरायचं नाही. हा चिडला, भांडला, गिटार आपटायला निघाला. चाचांनीच आवरलं. "बैठते, बेटा. कुर्सीच है, फाँसी तो नइं."

कार्यक्रमाच्या दिवशी कंधारहून टेम्पो आला तो भोंग्यांची हातगाडी घेऊनच. हा वैतागला, "चाचा, नाट्यगृहात वाजवायचंय. गाडी कशाला?"

"बँड है जी. गाडी बगैर घर से कैसा निकलना?"

गाडी नाट्यगृहाच्या फाटकाबाहेर लावून ठेवली. मी पहिल्या रांगेत, पैठणी नेसून, खास पाहुण्यांचा बिल्ला लावून. माझ्या त्या वेळच्या रुबाबाबद्दल जास्त बोलत नाही. बिल्ला मी घरून निघतानाच लावला होता, आणि लातूर ते नांदेड बसमध्ये लोक मला कंडक्टरची साहेबीण समजले.

आयोजकानं माइकवर सांगितलं, "मराठवाड्याच्या तहानलेल्या मातीचा हुंकार!" माझ्या शेजारच्या गृहस्थानं बाटलीबंद पाण्याचं झाकण उघडलं आणि दोन घोट पिऊन बाटली खुर्चीखाली ठेवून दिली. तहानलेली माती ऐकायला सगळे टेकून बसले.

जुनी गाणी झाली. टाळ्या. डोळे मिटलेले लोक. मग ह्यानं घोंगडी काढली. आत बँडचा लाल कोट, सोनेरी गोंडे. सभागृहात कुजबुज झाली. पडदा सरकला, मागं पाच जण, पाच खुर्च्या. चाचांचे पाय जमिनीवर घट्ट जुळवलेले, शाळेत फोटोला बसवल्यासारखे.

आणि विसकटलं. पहिल्या मात्रेलाच. ट्रंपेट आधी आला, भोंगा मागनं, चाचांचं क्लॅरिनेट असं किंचाळलं की कुणीतरी हसलं. एक हसलं की रांग हसते. मागून कुणी तरी ओरडलं, "वरात कुणाची हाय?" दुसरा, "जुनं गा, जुनं!" चाचांनी डोळे खाली घातले, पण वाजवणं सोडलं नाही. पुन्हा तोच काचेमागचा माणूस.

मला आजही ते हसणं आठवलं की हातातलं काहीतरी फेकावंसं वाटतं. त्या माणसांनी ज्यांच्या ज्यांच्या वरातीत फुगड्या घातल्या असतील, त्या वराती ह्यांनीच वाजवलेल्या. नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत ह्यांना कुणी पाणी विचारलं नसेल. आणि आता तिकीट काढून आलेत तर हसायला!

ह्यानं हात वर करून थांबवलं. माइकजवळ गेला. मला वाटलं, आता शिव्या.

"तुम्हाला माझी कोरडी विहीर पाहिजे," तो म्हणाला. "तिला पाणी लागलं हो. म्हणून राग आलाय ना तुम्हाला?"

त्यानं गिटार खाली ठेवली. मागं वळला. "चाचा, उठा. वाट धरा."

आयोजक बाजूनं धावला, "अहो, माइक! वायरी!" पण बँडवाला एकदा उभा राहिला की राहिला. एकामागं एक, मंचाच्या पायऱ्या उतरून, मधल्या वाटेनं. माइक मागं राहिले. चाचांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं, लिंबाजीनं ट्रंपेट. आणि माझ्या खुर्चीशेजारून जाताना सगळ्यांचा उजवा पाय एकदम पडला. शेजारच्या गृहस्थाची पाण्याची बाटली आडवी झाली.

मी उठले. पैठणीतून पळता येत नाही, पण मी पळाले.

बाहेर फाटकाशी गाडी उभी होतीच. बॅटरी लागली, ह्यानं गाडीचा माइक तोंडाशी धरला आणि भोंग्यांतून ते गाणं नांदेडच्या रस्त्यावर पडलं. हातगाड्यांवरचे केळीवाले उभे राहिले. रिक्षा थांबल्या. चौकातला पोलीस शिट्टी फुंकत आला.

"ए, कुणाची वरात? नवरदेव कुठाय?"

वरातीला नवरदेव लागतो, हे पोलिसाचंही बरोबर. ह्यानं माझ्याकडं बघितलं. मी पदर सारखा केला, बिल्ला पुढं केला.

"मी वरमाय," म्हणाले. "आणि हा काय नवरदेव. लाल कोट दिसत नाही का?"

"आन् नवरी?"

"तिलाच शोधायला निघालोय. तुमच्याकडं आहे का कोणी?"

पोलीस हसला, रस्ता मोकळा करून दिला. नाट्यगृहातले थोडे लोक बाहेर आले, पुष्कळसे आले नाहीत. आत अल्पोपाहार होता. आयोजक फाटकापर्यंत आला आणि तिथंच थांबला, जणू फाटकाबाहेर त्याच्या संस्थेची हद्द संपत होती. गावोगावचे कार्यक्रम ठरवणाऱ्या लोकांपैकी एकानंही बँडला बोलावलं नाही. कधीच नाही.

बोलावलं ते एका स्कूटरवाल्यानं. आमच्या बाजूबाजूनं स्कूटर चालवत तो विचारत होता, "कोणतं बँड हाय हे? आमच्या पोरीच्या लग्नाला येता का?"

"हे अमेरिकेचं फंक हाय!" हा माइकवरून ओरडला.

"असू द्या की! वरात दमदार निघाली पाहिजे!"

पितळ भंगारात गेलं नाही ते असं. वर्तमानपत्रात छापून आलं की तो मातीपासून तुटला. ते वाचून त्यानं चहा न ओतता प्यायला. मला काळजी वाटली, बरं नाही का म्हणून. तो म्हणाला, "बाई, मी कंधारला राहायला चाललो. चाचांच्या गल्लीत खोली बघितली." संडासातला फोटो तेवढा मागं राहिला. तो अजून तिथंच आहे. माझी नातवंडं विचारतात, आजी, हे काका एवढे रडवे का दिसतात? मी सांगते, ह्यांच्या आईला बाजूला केलंय, ती चौकटीच्या बाहेर उभी आहे.

आता ह्या वर्षीचं सांगते आणि थांबते.

तोच आयोजक. झब्बा तोच, केस पांढरे. त्याच्या संस्थेचा सोहळा लातूरला ठरला. त्याचा फोन कंधारला गेला, "मराठवाड्याचं अस्सल चालतं पितळ! हीच खरी माती! खुर्च्या काढून टाकतो. मंचावर हवे तेवढे फिरा."

बँडचा लाल कोट आता जिल्ह्याजिल्ह्यांत ओळखतात. लग्नं आधी त्यांची तारीख विचारतात, मग ब्राह्मणाची. तेव्हा कुठं झब्बेवाल्याला माती दिसली!

मला वाटलं, हा फोनवरच चहा ओतेल. पण तो लातूरला मला घ्यायला आला. अंग भरलंय, कानांवरचे केस पिकलेत. म्हणाला, "बाई, बांबू हाय का तो?"

"कोणता?"

"तक्रारीचा."

बांबू घेऊन मी हातगाडीवर बसले. शेजारी हबीबचाचा, मांडीवर क्लॅरिनेट. दात गेले, नवे बसवलेत, पण फुंकताना सटकतात म्हणून आता वाजवत नाहीत. पाय तेवढे गाडीच्या फळीवर चालू. क्लॅरिनेट पुढं त्यांची नात वाजवत होती, लाल कोटात, सगळ्यांच्या पुढं.

स्टँडपासून निघालो. सभागृहाच्या फाटकात आयोजक हार घेऊन उभा, मागं कॅमेरे, रांगोळी. बँड आला, फाटकासमोर आला, आणि थांबला नाही. वळलाही नाही. सरळ पुढं.

त्याला आधी कळलंच नाही. मग हार हातात घेऊन तो गाडीशेजारी धावायला लागला. "बाई! विदुषी! त्यांना सांगा हो, मंच इकडं आहे! आम्ही खुर्च्या काढल्यात!"

मला त्या वेळचं ते खोबरं आठवलं. मी वाकून विचारलं, "मंचावर मधोमध कुरडया घातल्यात का?"

"काय?"

"मग फिरायचं कशाभोवती?"

चाचा बिनवाजत्या क्लॅरिनेटवर डोकं टेकून खदखदा हसले. दात सांभाळत. हार मागं मागं जात राहिला. मी बांबू उचलला आणि गाडीच्या पत्र्यावर मारला.

"बाई!" पुढून, मागं न बघता, तो भोंग्यांतून ओरडला. सगळ्या लातूरनं ऐकलं. "आजून घाई! जरा उशिरा!"

मी दात आवळले. एक केसभर थांबले. आणि मग सगळा जोर लावून हाणला.